घर कोणासाठीं तपासलें?

‘घर पहावें बांधून, लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्याकडे खर्चाच्या आणि यातायातीच्या संदर्भांत वापरतात. पण तींत आणखीहि एक अर्थ दडलेला आहे. जो स्वतः घर बांधून पाहतो, तो पाया खणतांना जवळ उभा असतो, विटा पारखून घेतो आणि गवंड्याचा हात कोठें आखडला हेंहि त्याच्या नजरेस पडतें. तयार घर विकत घेणाऱ्यास यांतलें कांहींच पहावयास मिळत नाहीं. त्याच्या वांट्यास येतो तो रंग दिलेला गिलावा. त्या गिलाव्याआड काय आहे हें त्याच्यासाठीं कोणी पहावयाचें, हा प्रश्न इंग्लंडांत १९३० नंतरच्या दशकांत एका गृहिणीनें थेट न्यायासनापुढें नेला.

त्या काळांत लंडनच्या भोंवतालीं उपनगरें झपाट्यानें वाढत होतीं. लोकांच्या ठेवी घेऊन घरासाठीं गहाणावर कर्ज देणाऱ्या ‘बिल्डिंग सोसायटी’ नांवाच्या संस्था या वाढीच्या मुळाशीं होत्या. सोसायट्या व घरें बांधून विकणारे कंत्राटदार यांच्यांत एक करार असे. कंत्राटदार सोसायटीकडे जादा तारण ठेवी. त्याच्या बळावर सोसायटी घराच्या किंमतीच्या शेंकडा ९५ पर्यंत कर्ज देई. त्यामुळें थोडी शिल्लक असलेला मोलकरीहि घराचा धनी होऊं लागला. मात्र कायदा त्याच्या बाजूचा नव्हता. बांधकाम चालू असतांना घर घेतलें, तर तें राहण्यास योग्य होईल अशी हमी करारांत गृहीत आहे, असें १९३१ सालीं तेथील न्यायालयानें ठरविलें होतें. परंतु पुरें झालेलें घर घेणाऱ्यास अशी कोणतीहि हमी नव्हती. त्यानें स्वतःच सावध रहावें, हा जुना नियम त्यास लागू होता.

एल्सी बॉर्डर्स ही एका टॅक्सीचालकाची पत्नी. या दांपत्यानें १९३४ सालीं वेस्ट विकम येथें नवें घर घेतलें. थोड्याच दिवसांत छप्पर गळूं लागलें, भिंतींना ओल आली, विजेच्या तारांचें काम सदोष निघालें आणि लांकडास कीड लागलेली आढळली. तक्रारी करून उपयोग होईना, तेव्हां १९३७ सालीं तिनें कर्जाचे हप्ते देण्याचें थांबविलें. सोसायटीनें घराच्या ताब्यासाठीं दावा लावला. एल्सीनें उलट दावा केला: हें घर चांगल्या मालाचें व चांगल्या कारागिरीचें आहे असें भासवून सोसायटीनें आमची फसवणूक केली. वकील न देतां कायद्याचीं पुस्तकें वाचून तिनें हायकोर्टांत आपली बाजू स्वतःच मांडली. तिचें पाहून अनेक कर्जदार कुटुंबांनींहि हप्ते थांबविले.

१९३९ सालीं हायकोर्टानें सोसायटीचा दावा फेटाळला, आणि एल्सीचाहि. त्याच वर्षीं अपील न्यायालयानें तिच्या बाजूनें कौल दिला; पण १९४१ सालीं लॉर्डांच्या सभेनें तो फिरविला. एल्सी अखेर हरली.

तरीहि तिच्या हरण्यांतून जें उघडें झालें तें मोलाचें आहे. सोसायटीनें ज्या घरावर इतकी रक्कम दिली, तें तिच्या माणसांनीं पाहूनच दिली असेल, असा खरेदीदारांचा समज होता. तो अगदींच खोटा नव्हता. घर पाहिलें जात असे. पण तें पाहणारा सावकाराच्या मिठाला जागत होता. कर्ज बुडाल्यास रक्कम वसूल होईल कीं नाहीं, एवढेंच त्यास पहावयाचें होतें. कंत्राटदाराचा मुकादम कंत्राटदारासाठीं पाही, नगरपालिकेचा अधिकारी नियमांसाठीं पाही. इतके डोळे एका घरावरून फिरत, परंतु त्यांतील एकहि डोळा त्यांत राहणाऱ्याचा नसे!

पुढें कायदा हळूहळू बदलला. १९३६ सालींच बांधकाम-व्यवसायानें नव्या घरांच्या तपासणीसाठीं एक नोंदणी-मंडळ स्थापिलें होतें. १९७२ च्या कायद्यानें नवें घर राहण्यायोग्य बांधण्याची जबाबदारी बांधणारावर टाकली. सावकाराच्या मूल्यमापकानें साध्या घराच्या खरेदीदाराविषयींहि काळजी घेतली पाहिजे, हें तत्त्व लॉर्डांच्या सभेनें मान्य केलें तें १९८९ सालीं. एल्सीच्या पहिल्या निकालानंतर पन्नास वर्षांनीं.

आपल्याकडेहि १९६३ सालीं महाराष्ट्रानें सदनिकांच्या विक्रीसाठीं स्वतंत्र कायदा केला. २०१६ च्या केंद्रीय कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकानें तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तरतूद चांगली आहे. परंतु ‘निदर्शनास आणून दिल्यास’ या शब्दांतच सारी अडचण आहे. दोष दाखवावयाचा कोणी? गच्चीवर पाणी कोठें सांचतें, फरशीखालीं पोकळ आवाज कोठें येतो, नळाचा उतार उलटा आहे काय, हें आमच्यासारख्या कारकुनाला किंवा शिक्षकाला काय कळणार? बँकेचा मूल्यमापक येऊन गेला एवढ्यावर आपण निश्चिंत होतों, आणि वेस्ट विकमच्या त्या कुटुंबाचीच चूक पुन्हा करतों.

म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं, विकणाऱ्याशीं वा सावकाराशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असा जाणता अभियंता आपल्या पदरच्या पैशानें नेऊन त्यास घर दाखवावें. घराच्या किंमतीपुढें त्याचें शुल्क क्षुल्लक असतें. पुरी रक्कम हातांत पडल्यावर विकणाऱ्याचे कान जड होतात. त्यापूर्वीं ते तीक्ष्ण असतात. ज्यास घर बांधून पाहणें शक्य नाहीं, त्यानें निदान आपल्या माणसाकडून तें पाहून घ्यावें.