लाकडावर आगीनं लिहिताना: पायरोग्राफीची गोष्ट आणि आजीचा पोळपाट

आजचा भाग जरा जळका आहे. खरोखरच जळका, कारण गेला महिनाभर माझ्या खोलीत लाकूड जळाल्याचा वास येतोय आणि आई रोज दार उघडून बघतेय की घर शाबूत आहे ना.

झालं असं. मी हजारेक रुपयांचं एक किट ऑनलाइन मागवलं. दिसायला सोल्डरिंगच्या पेनासारखं. प्लग लावायचा, टोक तापलं की लाकडावर टेकवायचं आणि रेघ ओढायची. या कलेला पायरोग्राफी म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ सरळ: आगीनं लिहिणं.

मला लिहायचं होतं एक नाव. आजी गेल्या वर्षी गेली. आमच्या घरात पेल्यापासून पिंपापर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं आहे, तुमच्याकडेही असेल. पण ती सगळी नावं आजोबांची. ज्या पोळपाटावर आजीनं पन्नास वर्षं पोळ्या लाटल्या, त्याच्यावर काहीच नाही. म्हटलं, तिचं नाव आपण घालू. बाबा एवढंच म्हणाले, "घाल. पण बिघडवू नकोस, एकच आहे."

आता यात दोन अडचणी होत्या. पहिली, मला ही कला येत नव्हती. दुसरी अडचण शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण हात शिकत होता तेव्हा मी रात्री हेच वाचत बसलो होतो.

चला पेरूला. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर, चिकामा नदीच्या खोऱ्यात वाका प्रिएता नावाचं टेकाड आहे. १९४६-४७ मध्ये ज्युनियस बर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं तिथं उत्खनन केलं. त्यात भोपळ्याची छोटी सुकवलेली भांडी मिळाली आणि त्यातल्या दोनांवर कोरून-जाळून केलेली नक्षी होती, चेहरे होते. वय साधारण चार हजार वर्षं. आता गंमत बघा, त्या लोकांकडे मातीची भांडी नव्हती. मडकं घडवायच्या आधीच्या काळात माणूस भोपळ्याला भांडं करत होता, आणि नुसतं भांडं करून थांबत नव्हता, त्याच्यावर चित्र काढत होता. पेरूत ही कला आजही जिवंत आहे. वांकायो शहराजवळच्या कोचास गावांत कारागीर भोपळ्यावर शेती, लग्नं, जत्रा असं सगळं कोरतात आणि निखाऱ्यासारख्या पेटत्या काडीनं त्यात तपकिरी-काळ्या छटा भरतात.

पण आगीनं लिहिण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती सुंदर नाही. तापलेलं लोखंड माणसानं मालकी दाखवायलाही वापरलं. गुरांवर डाग द्यायला. आणि गुलाम म्हणून विकलेल्या माणसांच्या अंगावरसुद्धा. कारण तेच: शाई पुसते, रंग उडतो, डाग राहतो. म्हणजे ज्या गुणामुळे ही कला टिकाऊ आहे, त्याच गुणामुळे ती क्रूरही होऊ शकली. हे वाचल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं थोडा वेळ.

पुढे एकोणिसाव्या शतकात येऊ. इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत शेकोटी असायची आणि कोळसे ढोसायला लोखंडी सळई. ती लाल करून लाकडावर चित्र काढायचे, म्हणून तिकडे याचं जुनं नाव 'पोकरवर्क'. यातला मोठा माणूस म्हणजे रॉबर्ट बॉल ह्यूज. जन्म लंडनचा, १८०४ चा. मूळचा शिल्पकार, नंतर अमेरिकेत गेला. नॅथॅनिएल बोडिच या गणितज्ञाचा त्यानं केलेला १८४७ चा पुतळा अमेरिकेत ओतलेल्या सुरुवातीच्या मोठ्या ब्राँझ पुतळ्यांत गणला जातो. आणि हाच माणूस उतारवयात तापलेल्या सळयांनी लाकडावर चित्रं काढत होता. विचार करा, सळई विस्तवातून काढली की निवायला लागते. पहिली रेघ काळीकुट्ट, पाचवी फिकट. छटा हवी असेल तर सळई किती निवलीय याचा अंदाज मनातच ठेवायचा. आपल्या किटला निदान वायर तरी आहे!

मग एक भन्नाट वळण आलं, तेही ऑपरेशनच्या टेबलावरून. जखमेतलं रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडाचा चटका देणं ही फार जुनी पद्धत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही अग्निकर्म आहे. पण लोखंड निवण्याची अडचण डॉक्टरांनाही होतीच. १८७० च्या दशकात क्लोद पाकलँ या फ्रेंच डॉक्टरानं त्यावर उपाय काढला. पोकळ प्लॅटिनमचं टोक, त्याला रबरी नळी, नळीला बेंझिनची बाटली आणि हातात दाबायचा रबरी फुगा. टोक एकदा दिव्यावर तापवलं की फुगा दाबत राहायचं. बेंझिनची वाफ आणि हवा आत जाते, गरम प्लॅटिनमवर तिचं ज्वलन होत राहतं आणि टोक लालच राहतं.

आणि हेच यंत्र थोड्याफार फरकानं चित्रकारांच्या हातात गेलं. १९०० च्या आगेमागे अमेरिकेत लाकूड जाळण्याचं अक्षरशः वेड होतं. शिकागो, न्यूयॉर्कच्या कंपन्या पोस्टानं किट पाठवायच्या: टोक, फुगा, बाटली, छोटा दिवा आणि सोबत हातमोज्यांच्या, रुमालांच्या लाकडी पेट्या. पेटीवर चित्र आधीच छापलेलं, आपण फक्त गिरवायचं. आज आपण ॲपवरून किट मागवतो आणि व्हिडिओ बघून करतो, तेव्हा फार नवीन काही करत नसतो. हा छंद मुख्यतः घरातल्या बायकांचा होता. त्या पेट्या आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडतात, पण कुणी जाळल्या हे बहुतेकदा कळत नाही. खाली नाव नसतं. पुढे पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांना प्लॅटिनमची गरज पडली, ते महागलं, वेड ओसरलं आणि नंतर विजेवरची पेनं आली.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय? आपल्याकडे हे जवळच आहे. कुठल्याही बासरीची भोकं बघा. बांबूला ड्रिल मारलं तर तो चिरतो, म्हणून बासरी बनवणारे तापलेल्या सळईनं भोकं पाडतात. आणि गडचिरोलीची हद्द ओलांडली की बस्तर. तिथले आदिवासी कारागीर तापलेल्या सुरीनं तुंब्यावर आणि बांबूवर नक्षी जाळतात. त्यांची एक बासरी आहे, सुलूर. ती फुंकून वाजवायची नाही, हातात धरून हवेत फिरवायची की घुमते. तिच्या अंगभर रेघा, त्रिकोण, मासे, सगळं आगीनं काढलेलं. नारायणपूर भागातल्या पंडी राम मंडावी या कारागिराला २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण ज्याला 'ट्रेंडिंग छंद' म्हणतो, ते त्या माणसाचं आयुष्यभराचं काम आहे. आणि मला बरं वाटलं ते यासाठी की इथं निदान एका हाताला नाव मिळालं.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी, माझ्या चुकांमधून. लाकूड साधारण दोनशे अंशांच्या पुढे तपकिरी होऊ लागतं, तीनशेच्या आसपास त्याचा कोळसा व्हायला लागतो. म्हणजे छटा ठरते ती टोक किती तापलंय आणि हात किती हळू चाललाय यावर. दाबून काही होत नाही. मी पहिल्या दिवशी पेन्सिलीसारखं दाबलं आणि लाकडात खड्डा पडला. लाकूड फिकट आणि बारीक रेषांचं घ्या. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन स्वस्त मिळतं, पण त्यात मऊ-कडक पट्टे असतात, मऊ पट्ट्यावर रेघ एकदम काळी होते. आधी पॉलिश पेपर मारा. रंगवलेलं, वॉर्निश केलेलं लाकूड किंवा एमडीएफ जाळू नका, धूर विषारी असतो. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर ढकलेल असा. आणि लिहायला सुरुवात करताना टोक थांबू देऊ नका, जिथं थांबाल तिथं काळा ठिपका उमटतो. देवनागरीत तर शिरोरेघ हीच परीक्षा आहे. इथं अनडू नाही, मंडळी.

तर दुसरी अडचण. नाव कुठलं घालायचं? आजीचं लग्नात नाव बदललं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून. सासरचं चार अक्षरी, माहेरचं दोन अक्षरी. आमच्या घरात माहेरचं नाव कुणी कधी घेतलंच नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं आजीच्या धाकट्या बहिणीकडून, आजीच्या दहाव्याला. ती रडताना त्याच नावानं हाक मारत होती.

म्हणून तिलाच फोन लावला. म्हटलं, "मावशीआजी, पोळपाटावर कुठलं घालू?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पोळ्या तिनं तुमच्याकडं केल्या रे. पण लाटायला ती आमच्या आईकडं शिकली."

तीन आठवडे मी फळकुटांवर तीच दोन अक्षरं गिरवली. मग पोळपाट उलटा केला, पाठीमागची बाजू घासली. इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं, त्यामुळे धूर जास्तच झाला. पहिल्या अक्षराच्या शिरोरेघेवर हात थांबला आणि एक ठिपका पडला. तो आता तिथंच राहणार. बाबांनी पोळपाट हातात घेऊन पाहिला, बोटानं ती अक्षरं चाचपली आणि विचारलं, "हे तिचं नाव होतं?" त्यांना माहीतच नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं त्याच पोळपाटावर पोळ्या केल्या. जरा जळका वास होता, कुणी काही बोललं नाही.

तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर कुणाचं नाव असायला हवं होतं असं वाटतं का? आज जेवताना घरी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!