टँकमधले मासे अचानक का मरतात? एका प्रश्नाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

१/
नवा टँक आणून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात. पाणी नितळ, फिल्टर चालू, हीटर चालू, वनस्पती हिरव्यागार. आणि एका सकाळी दोन मासे तळाशी निपचित पडलेले दिसतात, तिसरा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतो. अंगावर जखम नाही, रोगाची खूण नाही. हा प्रसंग घरोघरी घडतो, पण प्रश्न आजचा नाही. काचेच्या पेटीत मासे पाळण्याच्या छंदाइतकाच तो जुना आहे. त्याचे निम्मे उत्तर लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधले आणि उरलेल्या निम्म्याच्या शोधात त्याचाच मुलगा आघाडीवर होता. त्याची ही कथा.

२/
जलचरांना काचेच्या पेटीत ठेवून त्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत झान विलप्रू-पॉवर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. सिसिलीतील मेसिना या बंदरात १८३२ च्या सुमारास त्यांनी अशा पेट्या वापरल्या. परंतु मेसिनात समुद्र दाराशी होता, ताजे पाणी हवे तेव्हा मिळत असे. समुद्रापासून दूर, दाट वस्तीच्या शहरात पाणी न बदलता मासा जगवता येईल का, हा खरा पेच होता.

३/
या पेचाची किल्ली वायूंच्या अभ्यासात सापडेल असे तेव्हा सर्वांना वाटत होते, आणि त्याला कारणही होते. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये दाखवले होते की, मेणबत्तीने किंवा उंदराच्या श्वासाने 'बिघडलेली' बंदिस्त हवा पुदिन्याचे रोप पुन्हा श्वसनयोग्य करते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी त्यात महत्त्वाची भर घातली: हे काम वनस्पतींचे हिरवे भाग करतात, आणि तेही प्रकाशातच. अंधारात वनस्पती उलट हवा बिघडवतात. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

४/
लंडनच्या अपॉथेकरीज हॉल या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत असत. १८४९ मध्ये त्यांनी एका मोठ्या काचपात्रात पाणी भरले. तळाशी वाळू, चिखल आणि काही दगड घातले, त्यात व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. तर्क सरळ होता. मासा प्राणवायू घेईल व कर्बवायू सोडेल, वनस्पती कर्बवायू घेईल व प्राणवायू परत करील.

५/
आरंभी सारे सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी तळ्यातील प्रत्यक्ष स्थिती आठवून पात्रात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य ठरली. १८५० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांचा परस्परांशी समतोल साधला की पाणी न बदलता जीवन चालू राहते, असा त्यांचा आशय होता.

६/
हा विचार इतका देखणा होता की तो हां हां म्हणता लोकप्रिय झाला. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय खुले झाले. त्यात मोलाचा वाटा असलेले निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक १८५४ मध्ये आले, आणि तो शब्द रूढ झाला. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात काचपेट्या दिसू लागल्या. हौशी लोकांनी समुद्रकिनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली.

७/
आणि या पेट्यांतील जीव मरू लागले. 'समतोल' साधूनही मरू लागले. त्या काळचा सल्ला ठरलेला असे: प्राणी जास्त झाले, वनस्पती वाढवा. पण वनस्पती वाढवल्यावर काही पेट्यांत पहाटे मृत्यू अधिक होत. इंगेनहाउस यांचे वाक्य इथे लागू पडते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे गच्च लागवडीच्या पेटीत प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. शिवाय पेटीतला बराचसा प्राणवायू वनस्पतींतून येत नाही, तो पाण्याच्या पृष्ठभागातून हवेतून विरघळतो. गोल, अरुंद तोंडाच्या बरणीत तो पृष्ठभागच तोकडा पडतो.

८/
धंद्यातल्या माणसांना हे अनुभवाने उमगत गेले. मत्स्यालयांचे साहित्य विकणारे विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये खुल्या झालेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात समतोलावर भिस्त ठेवली नाही. प्रदर्शनाच्या टाक्यांतील पाण्याच्या कित्येक पट पाणी त्यांनी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात साठवले आणि ते पंपाने अहोरात्र फिरते ठेवले. उपाय लागू पडला. तो का लागू पडतो, याचे पूर्ण कारण मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

९/
कारण निघाले अगदी अनपेक्षित ठिकाणी, शहराच्या सांडपाण्यात. गॉस यांचे पुस्तक आले त्याच १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरल्याचे जॉन स्नो यांनी दाखवले होते. मैलापाण्याचे काय करावे, हा युरोपच्या महानगरांपुढचा जीवनमरणाचा प्रश्न होता. मैलापाणी जमिनीतून झिरपले की त्यातला अमोनिया नाहीसा होतो व नायट्रेट तयार होते, इतके माहीत होते. हा केवळ रासायनिक बदल आहे असाच बहुतेकांचा समज होता.

१०/
१८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या लांब नळीतून मैलापाणी सावकाश सोडायला सुरुवात केली. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर अचानक नायट्रेट दिसू लागले आणि पुढे अमोनिया संपला. रासायनिक क्रिया वीस दिवस कशाची वाट पाहील? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून मातीचा अंश मिसळलेले पाणी घातले, ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम कोणीतरी सजीव करीत होते.

११/
या प्रयोगाने झपाटलेल्या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन. वडिलांचेच नाव धारण करणारा मुलगा. त्याचे बालपण अपॉथेकरीज हॉलच्या परिसरातच गेले होते. गोल्डफिशचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. आता तो रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात जमिनीतील नत्राचा अभ्यास करीत होता. अनेक वर्षांच्या प्रयोगांतून त्याने दाखवले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते: अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कर्ते वेगवेगळे आहेत.

१२/
ते कर्ते वेगळे काढून दाखवणे मात्र त्याला साधले नाही. त्या काळी जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनसारखे सेंद्रिय माध्यम वापरत, आणि या जिवाणूंना सेंद्रिय अन्न नकोच होते. १८९० मध्ये झुरिक येथे सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केवळ खनिज क्षारांच्या माध्यमात ते वाढवून वेगळे केले. अमोनियाच्या ज्वलनातून ऊर्जा मिळवणारे, प्रकाशाविना कर्बवायूपासून देह घडवणारे जीव जगाला प्रथमच दिसले.

१३/
आता मेलेल्या माशांकडे परत यावे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करते, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत हे जिवाणू अत्यल्प असतात आणि त्यांची वाढ मंद असते. म्हणून पहिले काही आठवडे पाणी नितळ दिसते आणि विष साठत राहते. श्लेसिंग-म्युंत्झ यांच्या नळीतले ते 'वीस दिवस' म्हणजेच नव्या टँकचा जीवघेणा काळ.

१४/
थोरल्या वॉरिंग्टन यांचा प्रयोग यशस्वी का झाला, हेही यातून उलगडते. श्रेय वनस्पती व गोगलगायींना मिळाले, पण तळाशी वाळू आणि चिखल होता. म्हणजे जिवाणूंची वसाहत त्यांनी नकळत आणून ठेवली होती. मासे दोनच होते, पाणी मुबलक होते. वनस्पतीही थोडा अमोनिया शोषून घेत होत्या. सिद्धांत चुकीचा नव्हता, अपुरा होता. आणि अधूनमधून यश देणारा अपुरा सिद्धांत फार काळ टिकतो.

१५/
तो खरोखरच टिकला. विनोग्राद्स्की यांच्या शोधानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ हौशी लोकांच्या पुस्तकांत वनस्पती-माशांचा 'समतोल'च सांगितला जात होता. १९४९ मध्ये अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स ॲट्झ यांना हा समतोल दंतकथा असल्याचे सांगणारा लेख लिहावा लागला. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. कितीतरी मराठी मुलांची काचेआडच्या माशांशी पहिली ओळख तिथेच झाली.

१६/
उष्ण प्रदेशातील माशांनी अडचण वाढवली. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २८ अंशांना आठाहूनही कमी. आणि उबेत माशाची भूक व श्वसन दोन्ही वाढतात. पिएर कार्बोनिए यांच्याकडे १८६९ मध्ये चीनहून पॅरिसला आलेला पॅराडाइज मासा तगला, त्यामागे हेच रहस्य होते. फायटरसारखाच तोही पृष्ठभागावरची हवा थेट घेऊ शकतो. बहुतेक माशांना ही सोय नाही. वीज गेली आणि एअर पंप थांबला की गर्दीच्या टँकमध्ये म्हणूनच काही तासांत अनर्थ होतो.

१७/
विसाव्या शतकाने आणखी एक कारण दिले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा नियमित वापर सुरू झाला आणि पुढे ती पद्धत जगभर पसरली. कॉलरा, टायफॉइडपासून माणसांना वाचवणारे तेच पाणी माशांचे कल्ले भाजते आणि फिल्टरमधले जिवाणूही मारते. पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन बराचसा उडून जातो. काही शहरांत वापरले जाणारे क्लोरामाइन मात्र तसे उडत नाही, त्यासाठी क्लोरीननाशक औषधच लागते. नळाखाली फिल्टरचा स्पंज खसखसून धुणारा माणूस नकळत श्लेसिंग-म्युंत्झ यांचा क्लोरोफॉर्मचा प्रयोगच पुन्हा करत असतो.

१८/
जुना टँकही निर्धोक नसतो. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होते, वर्षानुवर्षे पाणी न बदलल्यास पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो. २५ अंशांना, पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. मग एखाद्या रविवारी कोणी उत्साहाने निम्मे पाणी बदलतो, पीएच चढतो, आणि साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो. दोष ताज्या पाण्याला दिला जातो.

१९/
कथा अजून संपलेली नाही. नायट्राइट संपवणारा जिवाणू म्हणून पाठ्यपुस्तकांत नायट्रोबॅक्टरचे नाव असे. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकांतील तपासणीत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो असे आढळले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जिवाणू सापडले. त्यातला एक शोध मत्स्यशेतीतील फिल्टरमधल्या गाळातून लागला. धाकट्या वॉरिंग्टन यांनी दोन कर्त्यांत वाटलेले काम एकच जीवही करू शकतो, हे कळायला सव्वाशे वर्षे लागली.

२०/
या इतिहासाचा व्यवहारातला उपयोग एवढाच की, मासा मेला की आधी वेळ पाहावी.
• पहाटे मृत्यू, उरलेले मासे पृष्ठभागाशी: प्राणवायूचा संशय.
• टँक नवा, किंवा एकदम बरेच मासे सोडलेले: अमोनिया व नायट्राइट.
• पाणी बदलल्यावर काही तासांत: क्लोरीन, तापमानातील किंवा पीएचमधील उडी.
• फिल्टर धुतल्यावर किंवा जिवाणूनाशक औषध टाकल्यावर काही दिवसांत: जिवाणूंचा नाश.
संशय चाचणीने पडताळावा. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. ते वाढलेले असतील तर खाद्य थांबवावे, हवा वाढवावी आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने थोडे थोडे पाणी बदलावे. पीएच फार घसरलेला असेल तर तो एकदम वर जाऊ देऊ नये.

२१/
थोरले वॉरिंग्टन १८६७ मध्ये वारले, मुलाचे नत्रावरचे काम सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी. आपल्या पात्रातील चिखलात कोण राहत होते, हे त्यांना कधीच कळले नाही. आजचा टँकधारक त्या बाबतीत भाग्यवान आहे. नवा टँक घेतल्यावर मासे सोडण्याआधी काही आठवडे थांबणे आणि त्या काळात जिवाणूंना थोडा अमोनिया पुरवत राहणे, एवढेच त्याला करायचे आहे.

(समाप्त)