उपचार म्हणजे जवळ जाणं

‘पिसाळलेला कुत्रा’ म्हणताना आपण एका पिशाचाचं नाव घेत असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. संस्कृतातला ‘पिशाच’ प्राकृतात ‘पिसाअ’ झाला, त्यातला च झिजून गेला, आणि मराठीत आला तेव्हा त्याचा ‘पिसा’ झाला होता. वाटेत अर्थही पालटला. पिशाच म्हणजे धरणारा. पिसा म्हणजे ज्याला धरलं तो. धरणाऱ्याचं नाव धरलेल्याच्या कपाळी आलं. पिसे, पिसाट, पिसाळणे ही सगळी त्याच घरातली.

मनाच्या दुखण्यांसाठी मराठीत जेवढे जुने शब्द आहेत, त्यांतल्या बऱ्याच शब्दांत दुखण्याचं कारणही बसलेलं असतं. झपाटलं, लागीर झालं, बाहेरचं आहे, झाडाने धरलं. ‘बाहेरचं’ हा शब्द मी लहानपणी गावाकडे इतक्यांदा ऐकला, की आजारी माणसाच्या आतही काही दुखत असेल हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. दुखणं बाहेरचं, म्हणून उपायही बाहेर घालवण्याचा. देवऋषी झाडायचा, उतरवायचा, बांधायचा. झाडणं हे क्रियापद केरालाही तेच आणि माणसालाही तेच.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या हे एक अंग आहेच. पण चरकसंहिता वाचली की आश्चर्य वाटतं. तिथे उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतले चार वात, पित्त, कफ आणि तिघांच्या सन्निपाताने होणारे, म्हणजे शरीरातले. एकच प्रकार आगंतुक, बाहेरून आलेला. निदानस्थानात तर चरक त्याही पुढे जातो: देव, गंधर्व, पिशाच, राक्षस आपण होऊन कुणाला पीडत नाहीत, दुखण्याचं मूळ माणसाच्या प्रज्ञापराधात असतं. पिशाचाला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडवणारं हे मोठं धाडसाचं विधान आहे. मात्र पिशाच सुटलं आणि आरोप रोग्यावर आला. ‘मनाने कमकुवत आहे, मनावर घेतलं तर होईल बरा’ हे आजही घरोघरी ऐकू येतं. मला तो दोष भुताच्या दोषापेक्षा हलका वाटत नाही.

याच चरकाने उपचारांचे तीन प्रकार सांगितले: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. तिसरा म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणं. पुढे जे शास्त्र ‘मानसोपचार’ म्हणून उभं राहिलं, त्याच्याशी नातं सांगणारा हा शब्द आपण वैद्यकाच्या पुस्तकांतच ठेवला; बोलण्यात तो कधी आलाच नाही.

पिसे या शब्दाची दुसरीही एक वाट आहे. तेराव्या शतकात विदर्भातल्या ऋद्धिपुरात गोविंदप्रभू राहत. त्यांचं वागणं जगावेगळं होतं. लोक त्यांना वेडे, पिसे म्हणत. महानुभावांनी त्यांना ईश्वराचा अवतार मानलं आणि त्यांचं ते वागणं लीळा म्हणून लिहून ठेवलं. त्या गावाने ज्याला पिसा म्हटलं त्याला जेवू घातलं, घरात घेतलं, त्याच्याशी बोलणं ठेवलं. पुढे भक्तिपरंपरेत देवाचं पिसे लागणं ही भाग्याची गोष्ट झाली. वेड शब्दाचंही तसंच. नाटकाचं वेड असतं, गाण्याचं असतं, आणि आई लेकराला ‘वेडं गं माझं’ म्हणते तेव्हा त्या शब्दात माया असते. म्हणून हा शब्द भाषेतून हद्दपार करा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वेड गेलं तर त्याच्याबरोबर पुष्कळ प्रेमही जाईल.

शब्दांचा आणखी एक जथा हालचालीचा आहे. भ्रमिष्ट हा भ्रम् धातूचा, आणि त्याचा अर्थ फिरणं; भ्रमण आणि भ्रमर त्याचेच भाईबंद. माथेफिरू, डोकं फिरलं, मन चळलं, सगळीकडे तेच चित्र: काहीतरी जागचं हललं आहे. या जथ्यात एक रत्न आहे, ‘मंत्रचळ’. मंत्र जपताना चूक झाली आणि त्यामुळे मन चळलं, असा त्याचा जुना अर्थ. नीट म्हटलं ना, काही चुकलं तर नाही ना, पुन्हा म्हणू, अजून एकदा. आता हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या, कुलूप दहादा तपासणाऱ्या माणसाच्या आजारासाठी मराठी डॉक्टर हाच शब्द वापरतात. परभाषेतून आणलेल्या कुठल्याही संज्ञेपेक्षा तो त्या आजाराच्या अधिक जवळ जातो, कारण चुकण्याची भीती त्यात मुळापासूनच आहे.

मग इंग्रजी राज्य आलं आणि आजाराच्या नावाऐवजी जागेचं नाव पुढे झालं. १८५८ साली ‘लुनॅटिक असायलम’चा कायदा झाला. लुनॅटिक हा लॅटिन ‘लुना’ म्हणजे चंद्रावरून आलेला. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला वेड वाढतं असं मानतातच. असायलम मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ फार सुंदर आहे: जिथून कुणाला ओढून नेता येत नाही अशी जागा, अभयस्थान. पण भिंती उभ्या राहिल्या आणि अर्थ उलटा झाला. जिथून बाहेर येता येत नाही ती जागा असायलम झाली. नागपूरला १८६४ साली, रत्नागिरीला १८८६ साली, ठाण्याला १९०१ साली अशी इस्पितळं सुरू झाली. पुण्याचं येरवड्याला वसलं.

आणि मग गावांची नावंच रोगाची नावं झाली. मुंबईकर म्हणू लागला, ‘याला ठाण्याला पाठवा.’ पुणेकर म्हणू लागला, ‘येरवड्याची वेळ आली वाटतं.’ नागपुरात तर ‘पागलखाना चौक’ लोकांच्या तोंडी रुळला. लंडनमध्येही हेच घडलं होतं. तिथल्या १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेमच्या मठात पुढे मनोरुग्ण ठेवू लागले. बेथलेहेमचं बोलीत ‘बेडलम’ झालं आणि बेडलम म्हणजे गोंधळ, आरडाओरडा. येशूच्या जन्मगावाचं हे झालं, तर येरवड्याचं काय घेऊन बसलात! २,५४० खाटांचं ते रुग्णालय. तिथे बरे झालेले, घरी परतलेले किती असतील. त्यांच्यापैकी कुणाची आठवण त्या शब्दात उरली नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई मुलाला तपासणीला नेत. रिक्षावाल्याला रुग्णालयाचं नाव कधी सांगत नसत. एक चौक आधी उतरायचं आणि मुलाचा हात धरून उन्हातान्हात चालत जायचं. वर्षानुवर्षं. एका शब्दासाठी.

‘पाठवा’ या शब्दाचं टोक कुठे जातं ते ६ ऑगस्ट २००१ ला दिसलं. तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी गेले. तिथेही घरच्यांनी त्यांना बरं होण्यासाठीच पाठवलं होतं. आपल्या येरवड्याशी त्या गावाचं नाव जुळावं हा योगायोग आहे, पण ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. साखळीने बांधायला स्पष्ट बंदी घालणारा कायदा त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१७ साली झाला.

पाट्या बदलण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. रांचीच्या युरोपियन रुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी आग्रह धरला, आणि १९२० च्या सुमारास असायलम जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं. कायद्याच्या नावातली ‘लुनसी’ मात्र १९१२ पासून तशीच राहिली. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात यायला १९९३ उजाडलं. दरम्यान ‘मेंटल’ हा आदराने आणलेला शब्द शाळेच्या मैदानात शिवी होऊन बसला होता. ‘मनोरुग्ण’ हाही चांगल्या मनाने घडवलेला शब्द. बातमीत ‘मनोरुग्णाचा हल्ला’ असा मथळा वाचत राहिलो की तोही काळवंडतो. शब्द एकटा काही करू शकत नाही. लोक ज्या हाताने माणसाला धरतात, त्याच हाताचे डाग शब्दाला लागतात.

तरीही एका शब्दावर माझा भरवसा आहे, तो म्हणजे ‘उपचार’. उप म्हणजे जवळ, चर म्हणजे जाणं. जवळ जाणं, सेवेला उभं राहणं. देवाची पूजा षोडशोपचारे करतात, म्हणजे सोळा प्रकारांनी सेवा: आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, गंध, फुलं, नैवेद्य वगैरे. आणि ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही तो मनातल्या मनात सगळं वाहतो. त्या मानसपूजेतल्या वाहण्यालाही मानसोपचारच म्हणत. आजचा मानसोपचारतज्ज्ञ हाच शब्द पाटीवर लावून बसतो. झाडणं, बांधणं, पाठवणं या सगळ्या लांब करण्याच्या क्रिया. उपचार ही मात्र जवळ जाण्याची क्रिया. रोग्याला आसन द्यावं, पाणी विचारावं, त्याच्याशी बोलावं, हे सगळं शब्दातच सांगून ठेवलेलं आहे.

अलीकडे ठाण्या-पुण्याच्या आधारगटांत दोन नवे शब्द रुजले आहेत: आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. कॅनडातल्या कॅलगरीत राहणाऱ्या जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियासाठी संस्था उभारली आणि ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटाची निर्मिती केली, त्याच परिसरात हे शब्द वाढले. त्यांत मला जे मोलाचं वाटतं ते दुसऱ्या शब्दात आहे. सांभाळणाऱ्याला आजवर भाषेने नावच दिलेलं नव्हतं. त्या रिक्षातून एक चौक आधी उतरणाऱ्या बाईंना काय म्हणावं, ते मराठीला आता ठाऊक झालं आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी शुभार्थी असेल, तर १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. ‘टेली-मानस’ नावाची ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या वेळी रुग्णालयाला जाताना रिक्षावाल्याला रुग्णालयाचंच नाव सांगा, थेट फाटकाशी उतरा.