चुकून गेलेला पैसा आणि बुडालेली कंपनी

आपल्या सोसायटीचा हिशेब गेली काही वर्षं मी बघतो, म्हणून स्मरणिकेसाठी विषयही हिशेबाचाच निवडला. वार्षिक सभेत कोणी ना कोणी विचारतंच, "समजा, दुरुस्ती निधीतले पैसे चुकून भलत्याच कंपनीच्या खात्यात गेले आणि ती कंपनीच बुडाली, तर?" प्रश्न मोबाईलच्या जमान्यातला वाटतो, पण आहे जुना.

१८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७२ सरळ आहे: चुकून मिळालेला पैसा परत करायलाच हवा. अडचण येते ती घेणाऱ्याचं दिवाळं निघाल्यावर. शिल्लक थोडी, घेणेकरी फार. मग आपणही त्या रांगेत उभं राहायचं, की 'हा पैसा त्यांचा नव्हताच' म्हणून वेगळा मागायचा?

या प्रश्नावरचा गाजलेला खटला लंडनचा. जुलै १९७४ मध्ये अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने इस्रायल-ब्रिटिश बँकेसाठी सुमारे २० लाख डॉलर भरले आणि कारकुनी चुकीने त्याच दिवशी तेवढेच पुन्हा भरले. पुढे ती बँक दिवाळखोरीत गेली. १९७९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्यांदा गेलेल्या रकमेवर चेसचा हक्क कायम आहे. १९९६ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायाधीशांनी या निकालाच्या कारणमीमांसेवर शंका घेतली, पण एक गोष्ट महत्त्वाची मानली: बँक बुडण्याआधीच तिला ही चूक कळली होती. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत. मात्र आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ नुसारही, कंपनीकडे दुसऱ्याचा म्हणून विश्वस्त नात्याने असलेला पैसा तिच्या मालमत्तेत धरत नाहीत. तो तसा होता हे सिद्ध करायचं काम आपलं.

दिवाळं म्हणजे काय, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको. १९१० पासूनच्या नगर अर्बन बँकेवर ६ डिसेंबर २०२१ रोजी निर्बंध आले, खात्यातून १०,००० रुपयेच काढता येत होते. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी परवानाच रद्द झाला. तिथल्या ठेवी काही चुकून गेलेल्या नव्हत्या, पण त्यांना विम्याचा आधार तरी होता. त्या विम्यामागेही बुडालेल्या बँकाच आहेत. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा १,५०० रुपये, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. लक्षात घ्या, अख्खी सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार! आणि कंपनीच्या खात्यात चुकून गेलेल्या पैशाला तर हा विमा आपल्या नावाने मिळतच नाही.

म्हणून खजिनदार कोणीही असो, तीन गोष्टी पाळाव्यात. चूक कळली त्याच दिवशी आपल्या बँकेला आणि पैसे मिळालेल्याला लेखी कळवून पोच घ्यावी. कंपनी दिवाळखोरीत गेल्याची जाहीर सूचना दिसली, तर मुदतीत पुराव्यासह दावा दाखल करावा. आणि मुळात, एनईएफटी करताना खातेदाराचं नाव तपासायची जी सोय एप्रिल २०२५ पासून बँकांनी द्यायची आहे, ती वापरल्याशिवाय बटण दाबू नये. थेंबे थेंबे साचलेला आपला निधी तेवढ्या दोन मिनिटांनी वाचतो.