रॉकच्या यादीत रोझेटा कुठे होती?

रॉक ऐकणारे चार जण एकत्र जमले की एक वाद ठरलेला असतो. सगळ्यात प्रभावी कोण? एक जण बीटल्स म्हणतो, दुसरा हेंड्रिक्स. तिसरा ब्लॅक सॅबथचं नाव घेतो, कारण त्याच्या मते मेटल तिथूनच सुरू झालं. चौथा लेड झेपेलिनचा टी-शर्ट घालूनच आलेला असतो. वाद पेटला की विक्रीचे आकडे निघतात, मग एखाद्या मासिकाची ‘सर्वोत्तम १००’ यादी निघते आणि सगळे आपापल्या मतावर ठाम राहून घरी जातात.

घोळ असा होतो की ‘लोकप्रिय’, ‘श्रेष्ठ’ आणि ‘प्रभावी’ हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. लोकप्रियता मोजता येते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्सना अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं. श्रेष्ठ कोण, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग झाला. प्रभाव मात्र पुढच्या माणसात दिसतो. कोणाला ऐकून कोणी वाद्य हातात घेतलं? हे शोधायचं तर आवडत्या कलाकारापासून एकेक पायरी मागे जावं लागतं.

सुरुवात आपल्या पाचगणीपासून करू. १९५८ च्या सुमारास तिथल्या सेंट पीटर्स शाळेत बारा वर्षांच्या फारूख बलसारानं मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी झाला. शाळेत ही मुलं क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवत.

आता लिटल रिचर्डच्या मागे जाऊ. १९४७ साली, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात, एका गायिकेच्या कार्यक्रमाआधी चौदा वर्षांचा एक मुलगा तिचीच गाणी गात होता. ती तिनं ऐकली, त्याला आपल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला स्टेजवर गायला लावलं आणि वर पैसेही दिले. तो मुलगा लिटल रिचर्ड. ती गायिका सिस्टर रोझेटा थार्प.

रोझेटाचा जन्म १९१५ चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावातला. आई चर्चमध्ये गायची, धर्मप्रचार करायची. रोझेटा लहानपणापासून गिटार वाजवू लागली. १९३८ मध्ये तिनं डेका कंपनीसाठी पहिल्या रेकॉर्ड केल्या आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही गायली. १९४५ मध्ये तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गाणं बिलबोर्डच्या ‘रेस रेकॉर्ड्स’ यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी तेव्हा वेगळी छापली जायची. एल्विसची पहिली व्यावसायिक रेकॉर्ड यायला अजून नऊ वर्षं होती. १९९२ मध्ये जॉनी कॅशचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा त्यानं भाषणात तिची आठवण काढली.

मग ती यादीत कुठे होती? १९८६ मध्ये हॉल ऑफ फेमनं पहिली नावं जाहीर केली. एल्विस, चक बेरी आणि लिटल रिचर्ड त्यात होते. त्यांच्या आधीच्यांसाठी ‘सुरुवातीचा प्रभाव’ असा वेगळा विभाग होता. त्यातही रोझेटा नव्हती. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’नं १०० सर्वोत्तम गिटारवादकांची यादी काढली, त्यातही ती नव्हती. शंभरात स्त्रिया दोनच, जोनी मिचेल आणि जोन जेट.

याच दोन्ही ठिकाणी रॉबर्ट जॉन्सन मात्र होता. १९८६ मध्ये हॉलच्या त्या विभागात, २००३ मध्ये पाचव्या क्रमांकावर. त्याची रेकॉर्ड झालेली गाणी फक्त २९. १९३८ मध्ये तो वारला तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. १९६१ मध्ये त्याची गाणी एलपीवर आली आणि एरिक क्लॅप्टनसारखी मुलं वेडी झाली. त्याचा प्रभाव खराच आहे. पण चौकात सैतानाला आत्मा विकणारा एकटा भटका गिटारवाला, ही त्याच्याबद्दलची दंतकथा रॉकला हव्या असलेल्या गोष्टीत चपखल बसली. देवाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारी बाई त्या गोष्टीत बसत नव्हती. ती नाइटक्लबमध्ये गाते म्हणून चर्चवाले नाराज, आणि ती गॉस्पेल गाते म्हणून रॉकवाले तिला आपल्यात धरेनात.

१९७३ मध्ये फिलाडेल्फियात ती वारली. तिच्या कबरीवर तीसहून अधिक वर्षं नावाचा दगडही नव्हता.

मग काही लोकांनी शोध घेतला. २००७ मध्ये गेल वॉल्ड यांनी तिचं चरित्र लिहिलं. २००८ मध्ये निधी जमवण्यासाठी मैफल झाली आणि त्यानंतर कबरीवर दगड बसला. २०११ मध्ये माहितीपट आला. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसात, कोट घालून गिटार वाजवणारी रोझेटा यूट्यूबवर घरोघरी पोचली. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेमनं तिला घेतलं, ‘सुरुवातीचा प्रभाव’ म्हणूनच. २०२३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’नं २५० गिटारवादकांची नवी यादी काढली. त्यात रोझेटा सहावी आहे.

या वीस वर्षांत तिनं एकही नवा सूर वाजवलेला नाही. तरी नापत्ता ते सहावी. म्हणजे अशा याद्यांत प्रभावापेक्षा आपल्याला काय आठवतं तेच जास्त मोजलं जातं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा कोड इंटरनेटवरून काढून घेतला आणि हजारो प्रोजेक्ट्स अडकले. आपलं काम त्या ११ ओळींवर उभं आहे, हे अनेकांना तेव्हा कळलं. संगीतात असं काही काढून घेता येत नाही. रोझेटाला विसरलं तरी लिटल रिचर्डची गाणी वाजतच राहतात. त्यामुळे पाया कोणाचा, हे आपोआप कधीच कळत नाही.

फ्रेडी रोझेटामुळे घडला असं मी म्हणणार नाही, प्रभाव इतका सरळ रेषेत जात नाही. पण पुढच्या वेळी वाद रंगला की यादी उघडण्याआधी समोरच्याला विचारा, तुझा हिरो लहानपणी कोणाची गाणी वाजवायचा? उत्तरात एखादं कधीच न ऐकलेलं नाव आलं, तर त्या रात्री आधी तेच लावा.