इतका देखणा ग्राफ? मग गडबड आहे!

आज एका कागदाची गोष्ट. भोसरी, चिंचवड, चाकणच्या वर्कशॉपमध्ये मशीनशेजारी क्लिपबोर्डवर लटकलेला असतो तो. मधे एक रेघ, वर-खाली दोन मर्यादा आणि त्यांच्यात नाचणारे ठिपके. कंट्रोल चार्ट.

हा कागद मॅनेजरने नाही, एका शास्त्रज्ञाने काढलाय. वॉल्टर शूहार्ट, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेत टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला. १६ मे १९२४ ला त्याने साहेबाला एक पानभर टिपण दिलं, त्यातली साधारण एक तृतीयांश जागा एका आकृतीने खाल्लेली. म्हणणं साधं होतं: माप थोडं वर-खाली होणारच, त्यात कुणाचा दोष नसतो. ठिपका मर्यादेबाहेर गेला, तरच कारण शोधा. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिसांनी त्याला भारतात बोलावलं. १९४७-४८ च्या हिवाळ्यात तो इथे येऊन गेला. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहायलाही अजून काही वर्षं होती.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. मी चाकणला एका छोट्या व्हेंडरकडे ट्रेनी होतो. नियम असा, की दर तासाला पाच जॉब मायक्रोमीटरने मोजायचे, सरासरी काढायची, ठिपका द्यायचा. पण आठ तासांचे आठ ठिपके शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटांत पडायचे. ऑडिट असलं की तीन रंगांची पेनं, म्हणजे तीन शिफ्टची माणसं वेगळी वाटावीत! आमचे एक सीनियर तर म्हणायचे, कागदावर थोडा तेलाचा डाग पाहिजे, त्याशिवाय खरा वाटत नाही.

हसू येतं, पण ऑपरेटर असं का करतो? ठिपका बाहेर गेला की मशीन कुणी बघत नाही, त्यालाच झापतात. मग तो ठिपके मधल्या रेघेला चिकटवून ठेवतो. टूल झिजत जातं, माप सरकत जातं, आणि कागदावर मात्र सगळं छान. तो जॉब पुढे कुणाच्या तरी गाडीत बसतो.

गंमत म्हणजे चार्ट वाचायच्या नियमांत याची सोय आहे. मधली रेघ आणि मर्यादा यांच्यामधलं अंतर तीन भागांत वाटतात. सलग पंधरा ठिपके रेघेला लागून असलेल्या भागांतच पडले, तर तोही धोक्याचा इशारा. नुसत्या योगायोगाने असं हजारात तीनेक वेळाच घडतं. पण "फार छान आलंय, थांबा" असं म्हणणारा सुपरवायझर मला तरी भेटला नाही.

रिसर्च पेपरवालेही काही कमी नाहीत. 'प्रातिनिधिक फोटो' म्हणून दहातला सगळ्यात देखणा लावायचा. वाय-अक्ष शून्याऐवजी ९५ पासून सुरू करायचा, की दोन टक्क्यांचा फरक सिंहगडाच्या कड्यासारखा दिसतो!

यातला सगळ्यात गाजलेला किस्सा मेंडेलच्या वाटाण्यांचा. १८६६ च्या त्याच्या निबंधात गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०, म्हणजे जवळपास बरोब्बर तीनास एक. बाकीचे बरेच आकडेही असेच गोड. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशरने (हेच पुढे महालनोबिसांकडे कलकत्त्याला आले) हिशेब मांडला: सगळे आकडे मिळून अपेक्षेच्या इतके जवळ येणं लाखात सातेक वेळाच शक्य आहे. मेंडेलच्या बाजूने नंतर अनेक अभ्यासक बोलले, तो वाद बराच चालला.

पण फिशरने संशय कुणावर घेतला माहितीये? मेंडेलवर नाही. साहेबांना काय हवंय हे नीट ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनीसावर. मठात काय नि वर्कशॉपमध्ये काय, नाव हेल्परचंच!

तुमच्या लाइनवर चार्ट असेल, तर उद्या मधल्या रेघेला चिकटलेले ठिपके मोजा, आणि आकडा व्हॉइस नोटवर कळवा. कंपनीचं नाव सांगू नका हां.