सर्फबोर्डाच्या फिनसाठी द्रव्याची निवड : ताठरतेकडून लवचिकतेकडे

सर्फबोर्डाच्या शेपटाकडील तळाशी माशाच्या पराप्रमाणे जे पाते बसविलेले असते, त्यास ‘फिन’ म्हणतात. हे पाते कशाचे करावे, हा प्रश्न वरकरणी निव्वळ कारागिरीचा वाटतो. वस्तुतः फिनच्या कार्याविषयीची कल्पना जसजशी पालटली, तसतशी द्रव्याची निवडही पालटत गेली.

हवाई बेटांवरील प्राचीन फळ्या कोआ, विलीविली इत्यादी वृक्षांच्या लाकडाच्या असत. त्यांस फिन नसे. परंतु म्हणून त्या अपूर्ण होत्या, असे मानणे युक्त नव्हे. १९३७ च्या सुमारास होनोलुलू येथे जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ व फ्रॅन हीथ यांनी फळीचे शेपूट तासून अरुंद केले आणि फिनशिवायच तिला लाटेच्या उतारावर पकड मिळवून दिली. म्हणजे फिन हा घसरण रोखण्याचा एकमेव उपाय नव्हता.

तत्पूर्वी, १९३५ मध्ये, टॉम ब्लेक याने वाइकीकी येथे एका टाकाऊ मोटारनौकेच्या तळाचा धातूचा कणा आपल्या फळीस जोडला. शेपूट आडवे घसरू नये, एवढाच त्यामागील हेतू. या हेतूस न वाकणारी वस्तू पुरेशी होती. मात्र धातू जड असून त्याच्या कडेने इजा होण्याचे भय असते. लाकूड हलके व घडविण्यास सोपे. परंतु ते रेषांच्या दिशेने चिरते. त्यामुळे लाकडी पाते फार पातळ करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे कापड व राळ यांचा वापर रूढ झाला. राळेत भिजविलेल्या कापडाचे अनेक थर एकमेकांवर बसवून तक्ता करावयाचा, त्यातून पाते कापावयाचे आणि घासून त्यास आकार द्यावयाचा, अशी ही रीत. कापडातील तंतू उभे-आडवे असल्याने पाते टोकाशी पातळ केले तरी सहजी चिरत नाही.

या गुणाचा खरा उपयोग कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो याने १९६० च्या दशकात केला. ट्यूना माशाच्या शेपटीचे रूप समोर ठेवून त्याने मुळाशी जाड व टोकाशी पातळ असे अरुंद, खोल पाते घडविले. वळण घेताना ते वाके आणि पूर्वस्थितीस येताना फळीस रेटा देई. १९६६ मध्ये सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धा नॅट यंग याने ग्रीनोचे फिन लावलेल्या फळीवर जिंकली. यशाचे श्रेय केवळ फिनला देता येणार नाही. यंगचे कौशल्य व फळीचा पातळपणा हीदेखील त्याची कारणे होत. तथापि वाकणे हा दोष नसून गुण ठरू शकतो, हे त्यानंतर नाकारणे कठीण झाले.

१९८१ मध्ये सायमन अँडरसन याच्या तीन फिनांच्या फळीने विजय मिळविला. पाण्याचा दाब तीन पात्यांत विभागला गेल्याने एकच मोठे पाते अनिवार्य राहिले नाही. पुढे प्लास्टिक व कार्बनतंतूही प्रचारात आले. मात्र द्रव्य कितपत बळकट आहे एवढेच पाहून निवड करण्याचा काळ ग्रीनोबरोबरच सरला होता. ते कोठे, किती वाकते व किती त्वरेने सरळ होते, हीच तेव्हापासून निवडीची कसोटी होय.